सहा मिलिग्रॅम

कुपी इतकी लहान की अंगठ्याखाली झाकते.
तुश्तेपेकच्या सरकारी इस्पितळात पहाटेचे तीन.
खाट अकरावर आनिसेतो, पापालोआपान नदीवर तराफा चालवणारा,
पालथा झोपवलेला,
बोटाला चिमटा, चिमट्यात आकडा: शहाऐंशी.
मी सुई भरते.
हवा काढताना एक थेंब टोकावर थांबतो
आणि मला आजोबांच्या नखांचा वास येतो.

आजोबा क्रिसोफोरो बार्बास्को खणायचे.
डोंगरातल्या वेलीखालचा ओबडधोबड कंद,
ओढ्यात ठेचून टाकला तर मासे उलटे तरंगतात.
ट्रक यायचा. तराजू कंपनीचा, हिशेबही कंपनीचा.
कशाला नेतात, विचारलं तर म्हणायचे,
"साबण करतात म्हणे."
त्यांना कुणी सांगितलं नाही
की त्या कंदाच्या पोटातून, दूरच्या भट्ट्यांमध्ये,
माणसाच्याच रक्तातला एक शब्द घडवतात,
जो पेशींना म्हणतो: पुरे.

ही कुपी त्या कंदाची नसणार, मला माहीत आहे.
पण सांगाडा तोच, तीन षटकोन, एक पंचकोन,
कडी कडीत अडकलेली.
नर्सिंगच्या परीक्षेत मी पंचकोन चुकीच्या बाजूला काढला होता.

शेत जाळायचं तर आजोबा आधी कडेची पट्टी साफ करायचे,
काडीसुद्धा ठेवायचे नाहीत.
मग पेटवायचे, आणि ओल्या फांद्या घेऊन उभे राहायचे.
"लवकर विझवलीस तर तण जिवंत.
उशिरा विझवलीस तर डोंगर गेला."
मी विचारायची, मग नेमकं कधी?
ते वाऱ्याकडे बघायचे. उत्तर द्यायचे नाहीत.

आनिसेतोच्या छातीत विषाणू आता फारसा उरलेला नसावा.
जळतंय ते राखणदारांनी पेटवलेलं.
कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते हे.

आणि एर्मेनेहिल्दा, आमच्या गल्लीतली.
तापाच्या दुसऱ्याच दिवशी दुकानातून हेच टोचून घेतलं.
अंगदुखी पळाली.
दुपारी तिनं चादरी धुतल्या, पाण्यावरून शेजारणीशी भांडली,
मला हाक मारून म्हणाली, बघ, तुमच्या इस्पितळाची गरजच नाही.
आत हाकाटी करणाऱ्यांचं तोंड दाबलेलं होतं.
विषाणूनं सावकाश खोल्या मोजून घेतल्या.
नवव्या दिवशी तिला आणली, खाट चौदा.
आता तिथे दुसरं कुणी आहे.

बाहेरूनच यावं लागतं असंही नाही.
मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी
दुःखातही हाच रस रक्तात सोडत राहतात.
आजी गेली तेव्हा आजोबा रडले नाहीत.
सतराव्या दिवशी बरगडीवर फोडांची माळ उठली.
नागीण. तिला आमच्याकडेही सापाचंच नाव आहे.
लहानपणच्या कांजिण्या, मणक्याशेजारी साठ वर्षं निजलेल्या,
पहारा ढिला पडलेला बघून उठल्या.
सदरा वर करून आजोबा म्हणाले,
"बघ, तुझ्या आजीनं जाता जाता पट्टा बांधला."
तेवढं एकदाच हसले.

मी सुई टोचते. काही घडत नाही.
औषध आवाज करत नाही, यंत्र करतं.
डॉक्टर ओफेलिया खुर्चीतच डुलकी घेते आहे,
तिच्या गुडघ्यावर अर्धी संत्री.
पाचला सत्त्याऐंशी. सहाला परत शहाऐंशी.
सातला एकोणनव्वद:
औषधानं, की पालथं झोपवल्यानं,
की आनिसेतोच्या स्वतःच्या हट्टानं,
मला वाऱ्याकडे बघता येत नाही. इथे खिडकी उघडत नाही.

मी आकडा लिहिते.
रिकामी कुपी डब्यात टाकते, ती टणकन वाजते.
मग नळाखाली हात धुते, कोपरापर्यंत,
साबणानं.